साहेबांपुरता चालणारा फिल्टर

दचकू नका. बडोद्यातल्या गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत, भट्टीच्या मागे उभा असलेला हा दुमजली पत्र्याचा डबाच बोलतोय. लोक मला फिल्टर म्हणतात. माझ्या पोटात अठ्ठेचाळीस लांब कापडी पिशव्या टांगलेल्या आहेत. पंखा भट्टीचा धूर माझ्यात ओढतो, धूळ पिशव्यांना चिकटते आणि उरलेली हवा चिमणीतून वर जाते. चहाचं गाळणं असतं ना, तसाच मी. फरक इतकाच, की गाळल्याशिवाय चहा कुणी पीत नाही आणि मला न चालवता माझ्या मालकांनी आठ वर्षं सुखाने धूर सोडला.

माझा जन्म मकरपुऱ्याच्या एका शेडमधला. वेल्डिंग करणाऱ्याने शेवटचा टाका मारून माझ्या पाठीवर थाप दिली होती आणि म्हणाला होता, की हा पंधरा वर्षं हलणार नाही. बिचाऱ्याला काय ठाऊक, मी खरोखरच हलणार नव्हतो.

मला विकत घेतलं उदयसिंहरावांनी. त्यांचे पणजोबा बडोदे संस्थानच्या घोडदळात होते. त्यांचं खोगीर अजून कारखान्याच्या ऑफिसात आहे आणि उदयसिंहराव दर शनिवारी स्वतःच्या हाताने त्याला तेल लावतात. शंभर वर्षांचं चामडं, पण एक भेग नाही. माणूस वाईट नव्हता. पंपांची बिडाची कवचं ओतायचा, चाळीस माणसांचा पगार कधी चुकवायचा नाही. फक्त मला चालवायचा नाही. माझ्या पंख्याला वीज फार लागते. ती वाचली तर फायदा एकट्याचा आणि धूर मात्र सगळ्या बडोद्याचा. मग मला कोण चालवणार?

नियम नव्हता असं नाही. प्रदूषण मंडळाचे साहेब तपासणीला येत. पण त्यावरही तोड होती. गाडी दिसली की वॉचमन दत्ताजीराव गेटवरची घंटा दोनदा वाजवायचे. भट्टीवरचा मुख्य कारागीर सुभाष धावत येऊन माझं बटण दाबायचा. साहेबांचा चहा होईपर्यंत मी घुमायचो. गाडी वळली की बटण बंद. अशा रीतीने मी वर्षातून चारदा पर्यावरण वाचवत असे.

खंडेनवमीला मात्र माझा मान मोठा. लेथला, भट्टीला आणि मलाही झेंडूची माळ, हळदकुंकू, पेढा. वर्षभर विचारायचं नाही आणि एक दिवस ओवाळायचं, ही माणसांची जुनी खोड आहे. विश्वामित्री नदीशीही ते असंच वागतात.

भिंतीपलीकडे रमाबेन राहतात. त्यांचा पापडांचा धंदा. गच्चीवर चादरी अंथरून पापड वाळत घालतात आणि आमची काजळी उडून त्यांवर बसायची. दर आठवड्याला त्या डागाळलेला एक पापड घेऊन यायच्या, उदयसिंहरावांच्या टेबलावर ठेवायच्या आणि एक शब्द न बोलता निघून जायच्या. उदयसिंहराव तो ड्रॉवरमध्ये टाकायचे. फेकून द्यायला मन होत नव्हतं आणि खाण्याची तर बातच नको.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझी अब्रू गेली. तीन-तीन महिने बंद राहून माझ्या पिशव्यांनी ओल धरली होती, धूळ त्यांवर थापून घट्ट बसली होती. घंटा दोनदा वाजली. सुभाषने बटण दाबलं. पंख्याने जोर केला आणि पाच-सहा पिशव्या टरकन फाटल्या. साठलेली सगळी काजळी चिमणीतून वर गेली आणि भिंतीपलीकडे उतरली. दोन दिवसांचे पापड काळे झाले. साहेब अंगणात कप घेऊन उभे होते. त्यांच्या चहातही थोडी पडली.

आठवड्यात नोटीस आली. एका महिन्यात धुराचा बंदोबस्त करा, नाहीतर भट्टीला कुलूप. पाठोपाठ पुढारी आले. एकाने भट्ट्या हटवा म्हणून भाषण केलं, दुसऱ्याने रोजगार वाचवा म्हणून. दोघांनी माझ्यासमोर फोटो काढले. माझ्या पिशव्या कुणी पाहिल्या नाहीत.

पाहिल्या त्या वैष्णवीने. ही उदयसिंहरावांची मुलगी, इंजिनियर, कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला आहे. नोटिशीचे कागद शोधताना तिने वडिलांचा ड्रॉवर उघडला. आतली पापडांची चवड तिने एकेक करून टेबलावर मांडली. मग माझं दार उघडून आत वाकली आणि फाटक्या पिशव्यांवरून हात फिरवला. आठ वर्षांत मला कुणी असा हात लावला नव्हता. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली.

त्याच सुमारास वसाहतीत सरकारची धुराच्या बाजाराची योजना येऊ घातली होती आणि कारखानदार नाकं मुरडत होते. योजना साधी होती. सगळ्या चिमण्यांनी मिळून वर्षाला ठरलेली तेवढीच धूळ सोडायची, त्यावर कणभर नाही. तिचे हिस्से प्रत्येकाला वाटून द्यायचे. चिमणीवर मीटर बसवायचं. ज्याचा हिस्सा उरेल त्याने विकावा, ज्याला कमी पडेल त्याने विकत घ्यावा, आणि हिश्शाबाहेर गेला त्याला जबर दंड.

वैष्णवीचं म्हणणं होतं की बाबांनी पहिली सही करावी. एका रविवारी तिने रमाबेनना बोलावलं. भट्टी थंड होती. माझ्याच सावलीत तीन खुर्च्या टाकल्या होत्या.

रमाबेननी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पैसा भरला की धूर सोडायची छूट. हे तर लायसन झालं ने, बेटा."

"मावशी, आज तर सगळे तो फुकटच सोडतायत," वैष्णवी म्हणाली. "बाबा खोगिराला तेल लावतात, कारण ते आपलं आहे. आकाश कुणाचंच नाही, म्हणून त्याला कुणी जपत नाही. उद्या एकूण धूर ठरलेला असेल आणि दरवर्षी कमी होत जाईल. मग तो कोण कसा वाचवतो, ते ज्याचं त्याला ठरवू दे."

"आणि मी भट्टीच बंद केली तर?" उदयसिंहराव म्हणाले. त्या एका महिन्यात ते खरंच थकले होते.

"तर हेच पंप तिकडे सावली तालुक्यात दुसरा कुणी ओतेल, उघड्या चिमणीने. इथली चाळीस घरं बसतील आणि धूर फक्त पत्ता बदलेल."

 मग रमाबेननी दोन अटी घातल्या. काळ्या झालेल्या मालाची भरपाई आणि मीटरचा आकडा. "ऑफिसात नको. माझ्या गच्चीवरून वाचता आला पाहिजे. मी रोज बघणार."

उदयसिंहरावांनी सही केली. नवीन पिशव्या आल्या, मीटर बसलं आणि माझ्या माथ्यावर गच्चीकडे तोंड करून लाल आकड्यांची पाटी लागली. नोटीस मागे घेतली गेली.

पण सवय सहज सुटते थोडीच? पहिल्याच आठवड्यात सुभाषने जेवणाच्या सुटीत भट्टी चालू ठेवून मला बंद केलं. आकडा चढायला लागला. गच्चीवरून रमाबेननी हाक मारायच्या आत ऑफिसातून उदयसिंहराव धावत सुटले, हातात अर्धी पोळी तशीच, आणि त्यांनी स्वतः माझं बटण दाबलं. साहेबांच्या भीतीने ते कधी असे धावले नव्हते. वर्षअखेर आमचा हिस्सा उरला आणि शेजारच्या कारखान्याने तो घेतला. दुसऱ्या वर्षी विकत घेण्यापेक्षा त्यानेही फिल्टर लावला. आता दर शनिवारी खोगिराचं तेल लावून झालं की उदयसिंहराव माझ्या पंख्यापाशी येतात. त्याला तेलाचे चार थेंब मिळतात.

मी काही बाजाराची आरती करणारा नाही. बाजार संत नव्हे. हद्द आखायला सरकारच लागतं, आणि मीटर खोटं बोललं तर सगळाच बाजार खोटा. पण मी नियमाच्या धाकाने वर्षातून चार वेळा चाललो, भक्तिभावाने एकदा हळदकुंकू लावून घेतलं आणि मालकाच्या स्वार्थाने रोज चालतो आहे. माणसाने आधी चांगलं व्हावं आणि मग हवा स्वच्छ होईल, म्हणून थांबलो असतो तर अजून थांबलोच असतो.

गेल्या महिन्यात साहेब अचानक आले. दत्ताजीरावांनी जुन्या सवयीने घंटा दोनदा वाजवली. सुभाष धावत आला, बटणाकडे हात नेला आणि तसाच उभा राहिला. मी चालूच होतो. त्याने शर्टाला हात पुसले आणि काही न सुचून माझ्या पत्र्यावरची धूळ झटकली.

आता माझा पत्रा खाली गंजलाय. वैष्णवीने माझ्या दुप्पट मोठा फिल्टर मागवला आहे. दिवाळीनंतर मला कापतील आणि भंगार म्हणून याच भट्टीत घालतील. मला त्याचं दुःख नाही. पंपाचं कवच होऊन कुठल्यातरी शेतात पाणी उपसेन. तुम्हाला एकच सांगणं आहे. त्या दिवशी माळ घालू नका, पेढा ठेवू नका. फक्त नवा फिल्टर आधी चालू करा आणि मग मला आत टाका. भिंतीपलीकडे रमाबेनचे पापड वाळत असतील.