अंजनाच्या निधनाची बातमी

मी दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून, आणि बारा वर्षं पुण्याच्या एका दैनिकाचा दौंडचा वार्ताहर. शिक्षण सातवी. बातमी कशी लिहायची हे मी पेपर वाचूनच शिकलो, त्यामुळे पेपरातली वाक्यं तशीच्या तशी हातात बसली. भाषण झालं की ते ओघवतं. सभेला वीस माणसं असली तरी उपस्थिती लक्षणीय. आणि माणूस मेला की तो मनमिळाऊ.

तळेगावचे पोपटराव बांधावरून सख्ख्या भावाशी अठरा वर्षं बोलले नाहीत. त्यांनाही मी मनमिळाऊ लिहिलं. माझी बायको अंजना ती बातमी वाचून हसत सुटली. "मेल्यावर सगळी सुधारत्यात व्हय हो तुमच्या पेपरात?"

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत अंजना गेली. अकरा वर्षं तिला दमा होता. शेवटचे दोन महिने तिला आडवं होता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला करायला काही नव्हतं. मी कागद घेतला. पाच मिनिटांत बातमी लिहून झाली. पाकीट पुण्याच्या गाडीच्या गार्डाकडे दिलं. पुन्हा वाचली नाही. छापून आली तेव्हाच वाचली.

"येथील सौ. अंजनाबाई यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. त्या अत्यंत प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात पती, मुलगी, जावई असा मोठा परिवार आहे. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो."

आम्ही बौद्ध. ईश्वर मानत नाही, आत्माही मानत नाही. धम्म घेतला तेव्हा देवघरातले देव उचलायला माझा हात धजेना. अंजनानं ते टोपलीत भरले आणि एकटी जाऊन नदीत सोडून आली. तिच्याच नावाखाली मी हे वाक्य लिहिलं होतं.

पेपर आला त्याच दुपारी तिचा धाकटा भाऊ साहेबराव आला. कवठे येमाईचा, शिरूरला कचेरीत नोकरीला. हातात पेपर होता.

"दाजी, ह्ये कुणी घातलं?"

"पुण्याची माणसं. टाकत्यात त्यांच्या मनानं," मी म्हणालो.

"तुम्ही न्हाई ना लिवलं?"

"मी कसं लिवीन?"

"वाटलंच मला. तिथं टेबलावर कोण बसतं?"

"चांगदेवराव."

नावसुद्धा मीच दिलं. चांगदेवराव म्हातारे उपसंपादक, नोकरी कायम नसलेली. माझी पहिली बातमी त्यांनीच लावली होती. काना-मात्रा सोडून माझ्या मजकुरात त्यांनी कधी काही बदललं नव्हतं.

रविवारी विहारात अंजनाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, जेवणं झाली. मग साहेबरावानं अर्ज काढला. आमच्या मयताच्या बातमीत ईश्वर घुसडणाऱ्या चांगदेवरावांना कामावरून काढावं, असा अर्ज. सोमवारी वीस माणसं तो घेऊन पुण्याला जाणार होती. खाली चौतीस सह्या होत्या. सगळ्यात वर एक जागा मोकळी ठेवलेली.

"दाजी, पहिली सही तुमची."

मी पेन हातात घेऊन बसलो. शेजारी अंजनाची आई, ताईबाई, बसली होती. ती म्हणाली, "हाय काय एवढं त्यात? सगळी नुसती बोलत्यात. मला कुणी वाचून दावलं न्हाई. जावईबापू, तुम्हीच वाचा."

साहेबरावानं पेपर माझ्या हातात दिला. मी वाचायला लागलो.

"अल्पशा म्हंजी?"

"थोड्या."

"थोड्या? अकरा वर्सं माझी लेक धापा टाकत व्हती!"

मी पुढचं वाचलं.

"मनमिळाऊ?" ताईबाई म्हणाली. "कोण, अंजी? नळावर दगडाबाईच्या पाठीत बादली घातली व्हती तिनं!"

"आजून दुखतीया," दगडाबाई मागून म्हणाली. बायका हसल्या. ताईबाईही हसली आणि तोंडाला पदर लावला.

शेवटचं वाक्य राहिलं होतं. ते गाळलं असतं तर तिला कळलं नसतं. बाकीच्यांना वाटलं असतं, दुःखानं याला पुढचं वाचवत नाही. साहेबराव माझ्याकडे मोठ्या मायेनं बघत होता. ती नजर मला सोसेना. मी ते वाक्य वाचलं आणि पेपर खाली ठेवला.

"पुण्याच्या माणसांनी न्हाई. ह्ये मी लिवलंय," मी म्हणालो. "सगळंच."

"त्या म्हाताऱ्याला वाचवताय व्हय?" साहेबरावानं विचारलं.

"न्हाई. माझ्या हातचा कागद हाय त्यांच्याकडं. जाऊन बघ."

"मग माझ्या तोंडावर खोटं का बोलला?"

"लाज वाटली."

"आन् लिवताना?"

"लिवताना ध्यानातच आलं न्हाई."

हे सांगणं जास्त जड गेलं. साहेबराव लालबुंद झाला. अर्ज फाडायला त्यानं हात पुढं केला, पण मी तो धरून ठेवला. त्यातलं चांगदेवरावांचं नाव खोडलं, तिथं माझं लिहिलं, आणि मोकळ्या जागी सही केली. ताईबाई विचारत राहिली, काय लिवलं, काय लिवलं. तिला कोणी सांगितलं नाही.

सोमवारी पुण्याच्या गाडीला वीस माणसं नव्हती. साहेबराव होता आणि मी होतो. तो माझ्यासमोर बसला नाही, पलीकडच्या बाकावर बसला. अर्ज त्याच्या खिशात होता.