चार फुटांची शंभरी

गोल्फ खेळून पोट भरणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. पहिली टीव्हीवर दिसतात, आज ह्या देशात तर उद्या त्या देशात असतात. दुसरी आपल्या प्रांतातच राहतात. ती आठवडाभर आपापल्या क्लबात निवृत्त डॉक्टरांना चेंडू मारायला शिकवतात, त्यांच्या काठ्यांच्या मुठी बदलून देतात, "कालच्यापेक्षा आज बरं मारलंत" असं दिवसातून चाळीस वेळा खोटं बोलतात, आणि मोसम लागला की दर सोमवारी एकमेकांशी स्पर्धा खेळतात. त्यांचं नाव वर्तमानपत्रात त्यांच्या आईशिवाय कोणी शोधत नाही. पण खेळ इतका जिवाला लावून घेतलेली माणसं दुसरीकडे शोधून सापडायची नाहीत.

मास्तर ह्या दुसऱ्या तऱ्हेतला. वय सेहेचाळीस, बांधा सडसडीत, आवाज शाळामास्तराचा. क्लबातली छोटी मंडळी त्याला मास्तर म्हणायला लागली, मग मोठी, मग घरची. मोसम उघडायला पाच दिवस उरले होते, आणि मास्तर क्लबाच्या मागच्या खोलीत आपल्या पटरची मूठ बदलत बसला होता. पटर म्हणजे ग्रीनवरच्या मऊ, आखूड गवतावरून चेंडू अलगद होलमध्ये घरंगळवायची काठी. शेगड्याच्या जबड्यात काठी आवळायची, वाकड्या पात्यानं जुनी मूठ उभी चिरायची, दोन्हीकडून चिकटणारी पट्टी गुंडाळायची, वर द्राव ओतायचा आणि तो वाळायच्या आत नवी मूठ एका दमात सरकवायची. मास्तरला हे झोपेतही आलं असतं. फक्त ह्या आठवड्यात त्यानं एकाच पटरची मूठ तिसऱ्यांदा बदलली होती. जाड झाली, बारीक झाली, आता पुन्हा जाड.

बायको डबा द्यायला आली होती. ती दारात उभी राहून बघत होती.

"मुठीचा काय दोष आहे रे त्यात?" ती म्हणाली.

"घसरते."

"घास बरोबर तोंडात जातो. सुईत दोरा ओवतोस. माझी सही माझ्यापेक्षा चांगली करतोस. आणि ती काठी हातात आली की तेवढी घसरते?"

मास्तर पट्टी गुंडाळत राहिला. बायकोनंही विषय वाढवला नाही, कारण तिला सगळं माहीत होतं. घरच्या बोळातल्या सतरंजीवर गेले चार महिने पहाटे काय चालतं, हे तिला कान असल्यामुळे कळत होतं.

झालं होतं असं. चार फुटांचा पट, म्हणजे पटरनं होलमध्ये घालायचा फटका. लांबचा नव्हे, चढउताराचा नव्हे. क्लबातली आजारी आजीसुद्धा दहातले सात घालेल असा. मास्तर उभा राहायचा, काठी मागे न्यायचा, आणि पुढे आणताना ऐन चेंडूपाशी त्याचा उजवा हात आपोआप उडायचा. विंचू चावल्यासारखा. दोनशे यार्डांवरून चेंडू होलच्या झेंड्यापाशी टाकणारा माणूस चार फुटांवरून चुकायचा.

ह्या दुखण्याला नाव आहे, पण प्रांतातले खेळाडू ते उच्चारत नाहीत. नाव घेतलं की ते घेणाऱ्याच्या घरी मुक्कामाला येतं, अशी त्यांची पक्की समजूत. शिकलीसवरली माणसं, पण ह्या बाबतीत आडमुठी. फारच गरज पडली तर म्हणतात, "त्याच्याकडे पाहुणा आलाय." तेही दबक्या आवाजात, आणि म्हणून झालं की गप्प बसतात. आजवर ज्यांच्याकडे पाहुणा आला ते एक-दोन मोसमांत खेळायचे थांबले. नुसते शिकवायला लागले. त्यांच्याशी सगळे फार प्रेमानं वागायचे, आणि मास्तरला त्या प्रेमाचीच धास्ती होती.

सोमवारच्या पहिल्या स्पर्धेसाठी नाव मागे घ्यायची मुदत शनिवारी संध्याकाळी सहाची होती. पहिल्या स्पर्धेतून नाव काढलं की पूर्ण मोसमातली जागा यादीतल्या पुढच्याला जायची. मास्तरनं मनाशी ठरवलं होतं, शनिवारी सचिवबाईंना बाजूला घेऊन सांगायचं, खांदा दुखतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची. चोवीस वर्षं खेळलो, आता बस. हे ठरवल्यापासून त्याला जेवण जात नव्हतं.

शनिवार उजाडला. मोसमाआधी प्रांतातले पंचवीस खेळाडू तीन दिवस एका मैदानावर जमत. नवे चेंडू पारखत, वह्यांत अंतरं उतरवून घेत, एकमेकांच्या पोटांवर विनोद करत. शेवटच्या दुपारी शंभरी व्हायची. सरावाच्या ग्रीनवर होलभोवती चार फुटांवर खडूनं गोल आखायचा. पंचवीस जण त्याबाहेर मोठ्या गोलात उभे राहायचे. टोपीतून चिठ्ठ्या काढायच्या, आलेल्या नंबरानं एकेकानं पुढे येऊन एक पट घालायचा. सगळ्यांनी मिळून मोजायचं. ओळीनं शंभर पडले पाहिजेत. एक चुकला की पुन्हा एकपासून. कोण चुकलं ह्यावर बोलायचं नाही, हसायचं नाही, हळहळायचंही नाही. शंभरी भरल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. एका वर्षी अंधार पडला होता, तेव्हा मोटारींचे दिवे लावून भरली होती.

मास्तर साडेतीनलाच सटकायच्या बेतात होता. पिशवी खांद्याला लावून तो पायवाटेला लागला आणि समोरून सगळ्यांची मावशी आली.

मावशी अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी, उन्हानं रापलेली. उतारावरच्या एका लहानशा क्लबाची मुख्य शिक्षिका. प्रांताचं जेतेपद तिनं पाच वेळा जिंकलं होतं, बाप्यांना आणि बायांना एकाच यादीत मागे टाकून. तिच्या डोक्यावर रुंद झालरीची टोपी कायम, जेवतानाही. मास्तर तिला मनातल्या मनात नमस्कार करत असे. चार वर्षांपूर्वी शेवटच्या ग्रीनवर जेतेपदासाठी तिनं चार फुटांचा पट घातला तेव्हा तो ग्रीनभोवतीच्या दोरीला टेकून उभा होता. त्या पटाची गोष्ट त्यानं आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकवली होती. "बघा, मावशीची नजर! चेंडूवर अशी खिळली होती की मान हलली नाही. डोकं खाली, नजर चेंडूवर. बाकी सगळं झूट आहे." अर्ध्या गावाला तो धडा पाठ होता.

"कुठं निघालास?" मावशी म्हणाली.

"खांदा जरा..."

"खांदा पिशवी उचलतोय की चांगली. चल, चिठ्ठी काढ."

मास्तरला सतरा नंबर आला. मावशीला सोळा. म्हणजे ती त्याच्या डाव्या हाताला, खेटून.

पहिला एक पडला, दुसरा पडला. पंचवीस आवाज एका सुरात मोजत होते. पंधरा. सोळा. मास्तर पुढे आला. हात उडाला. चेंडू होलच्या कडेवर गेला, अर्धा फेरा मारला आणि आत पडला. "सतरा!" मास्तरच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. बेचाळिसाव्यालाही तसंच, नशिबावर. सदुसष्टाव्याला नशीब संपलं. चेंडू होलच्या उजवीकडून दोन बोटं लांबून गेला.

 पहिल्या नंबरनं चेंडू ठेवला. "एक."

मास्तरला वाटलं, धरणी दुभंगावी. रागावले असते तर बरं झालं असतं. पण चोवीस माणसं मुकाट पुन्हा एकपासून सुरू झाली होती. दोन, तीन, नऊ, चौदा. मावशी पुढे झाली, वाकली, टोपीची झालर खाली आली, टक्, सोळा. मास्तर पुढे आला. ह्या वेळी हात असा उडाला की चेंडू होलला शिवलाही नाही, गोल ओलांडून समोरच्याच्या बुटाला लागला.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. सगळ्यांना कळलं, हे सगळ्यांच्या खाली गेलेल्या माना सांगत होत्या. समोरचा खेळाडू मास्तरचा चेंडू उचलून द्यायला आला आणि त्यानं तो फार हळुवारपणे दिला. हेच ते प्रेम. मास्तर घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झालेली बघत होता आणि सचिवबाई कुठं दिसतात का ते शोधत होता.

"थांबा," मावशी म्हणाली. "मी समोर जाते. नंबर सोळाच राहील."

शंभरीत जागा बदलायची पद्धत नव्हती. पण मावशीला कोण काय म्हणणार? ती गोल ओलांडून मास्तरच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. मोजणी सुरू झाली. एक, दोन. पंधरावा पडला. मावशी पुढे आली आणि तिनं टोपी काढली.

पांढरे, घामानं चिकटलेले केस. तिला असं कोणी पाहिलंच नव्हतं. ती चेंडूवर वाकली, आणि मास्तरला प्रथमच तिचे डोळे दिसले. त्याला वाटलं, अजून तिची तयारी व्हायची आहे, कारण ती चेंडूकडे बघत नव्हती. ती होलकडे बघत होती. काठी मागे गेली, पुढे आली. नजर होलवरून हलली नाही. टक्.

"सोळा" कोणी म्हटलंच नाही.

"अकरा वर्षं झाली पाहुण्याला," मावशी सरळ होत म्हणाली. दबक्या आवाजात नाही, भाजीचा भाव विचारावा तशी. "गेला नाही अजून. चेंडूकडे बघितलं की हात उडतो, म्हणून बघत नाही. तो बसतो त्याच्या खुर्चीवर, मी माझं काम करते."

मास्तरच्या डोक्यात आकडे फिरले. अकरा वर्षं. पाचातली तीन जेतेपदं ह्याच अकरा वर्षांतली. दोरीला टेकून पाहिलेला तो पटसुद्धा. ज्या नजरेची गोष्ट सांगून त्यानं अर्धं गाव शिकवलं, ती नजर चेंडूवर नव्हतीच! त्यानं पाहिलं होतं ते टोपीला. पट मारणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतंय कोण? सगळे चेंडूकडे बघतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते ह्यालाच. पण लाज वाटायला त्याच्याकडे जागाच उरली नव्हती. समोरची ठेंगणी बाई त्याला एकदम इतकी मोठी दिसायला लागली की त्याला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. हात निरोगी असता आणि ती जिंकली असती, तर ते नुसतं कौतुकाचं असतं. हे काय होतं, ह्याला त्याच्याकडे शब्द नव्हता. आणि हे तिनं सोमवारी तिच्याशीच लढणाऱ्या चोवीस जणांसमोर, दिवसाढवळ्या, टोपी काढून सांगितलं होतं.

 मग गेल्या वर्षीचा विजेता, ज्याला त्याच्या बोलण्याच्या वेगामुळे सगळे इंजिन म्हणत, तो घसा खाकरून म्हणाला, "मावशी, आदल्या रात्री... झोप लागते का तुम्हाला?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. इंजिन लाल झाला. पण प्रश्न मागे घेतला नाही त्यानं.

"लागते," मावशी म्हणाली. "पहिली दोन वर्षं नाही लागली. सोळा झाले. पुढचा कोण?"

मास्तर पुढे आला. चेंडू खडूच्या रेघेवर ठेवला. पाय लावले, काठी चेंडूमागे टेकवली आणि मान उचलली. चोवीस वर्षांची सवय मानेला खाली ओढत होती. होल समोर होतं, चार फुटांवर, आणि त्याला वाटलं, हे आपण कधी नीट पाहिलंच नव्हतं. कडेचं एक गवताचं पातं आत झुकलेलं. पांढरी कड एका जागी चेपलेली. आत काळोख.

"मावशी," तो होलकडे बघतच म्हणाला, "माझ्याकडेही आहे."

"माहीत आहे रे. मार."

हात उडाला की नाही, ते त्याला कळलं नाही. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. होलकडे बघता बघता खालून, नजरेच्या काठावरून, चेंडू आत आला. चोवीस वर्षांत त्यानं चेंडू जाताना हजारो वेळा पाहिला होता. येताना कधी पाहिला नव्हता. पांढराशुभ्र, गवत जराजरा दाबत, कसलीही घाई नसलेला, तो येत होता, येत होता, त्या झुकलेल्या पात्यापाशी आला आणि दिसेनासा झाला.

"सतरा!" चोवीस माणसं ओरडली.

मास्तर तसाच वाकलेला होता. अठरा नंबर मागे येऊन उभा राहिला, खाकरला, शेवटी त्यानं मास्तरच्या पाठीला हात लावला. मास्तरनं चेंडू काढला आणि तो आपल्या जागी गेला. पलीकडे सचिवबाई यादी घेऊन क्लबाच्या पायऱ्यांवर आल्या होत्या आणि कोणाला नाव मागे घ्यायचं आहे का, म्हणून बघत होत्या. मास्तरनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि मग सगळ्यांबरोबर, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, तो म्हणाला, "अठरा!"