शेठचं नाव आणि पिंपळनेरचं गवत

तोताराम सरांना त्या गवतातून प्राचार्याची खुर्ची मिळवायची होती, बाकी काही नाही. १९८७ साल. धुळ्यातल्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राचे प्रमुख, लखीचंदशेठ संस्थेचे अध्यक्ष, आणि विभागाच्या टेबलावर पडलेलं गवत जगातल्या कुठल्याच पुस्तकात नाही. नव्या गवताला शेठचं नाव लावलं की काम झालं.

अडचण एवढीच, की नाव लॅटिनमध्ये बसवावं लागतं, आणि लॅटिन यायचं फक्त त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या राजकुंवरला. गवतही तिनेच शोधलेलं, पिंपळनेरच्या डोंगरात चार पावसाळे पायपीट करून.

"शेठच्या नावाचं विशेषण कर," सर म्हणाले. "तुमच्याच समाजाचे आहेत. घरचेही खूश होतील."

राजकुंवरने वहीत तीन रकाने ओढले. "पुल्लिंगी लखीचंदियानुस, स्त्रीलिंगी लखीचंदियाना, नपुंसकलिंगी लखीचंदियानुम. आपल्याला तिसरं लागेल."

"शेठला नपुंसक करतेस? पहिलं घे."

"या गवताच्या प्रजातीचं लॅटिन नाव नपुंसकलिंगी आहे, सर. विशेषण गवताच्या मागून चालतं, शेठच्या नाही." तिने वही मिटली. "आणि मी यातलं एकही घेणार नाही. पिंपळनेरेन्से. म्हणजे पिंपळनेरचं."

"पिंपळनेरने तुला काय दिलं?"

"गवत दिलं. शेठनी ते पाहिलं तरी आहे का?"

सरांनी चष्मा पुसला. "प्रबंधावर माझी सही लागते, बाई. विसरलीस वाटतं."

"लक्षात आहे. नका करू."

त्याच आठवड्यात तिने एकटीच्या नावाने लेख धाडला. तो छापून आला. एकदा छापलेलं नाव कुणाच्या मर्जीसाठी बदलता येत नाही, ठेवणाऱ्यालाही नाही, हा या शास्त्राचा दंडक. सरांनी सही केली नाही. शेठच्या पाया पड, असा घरून निरोप आला. ती पडली नाही; चाळीसगावच्या शाळेत नोकरी धरली.

शेठच्या कानावर हे गेलं तेव्हा ते पोट धरून हसले. "गवताला माझं नाव? म्हणजे बैलांनी रोज मलाच चघळायचं की काय?" आणि पुढच्या जूनमध्ये, सर सगळ्यांत जुने म्हणून, त्यांनाच प्राचार्य करून मोकळे झाले.

तेव्हा सरांचं काही गेलं नाही, शेठचं तर नाहीच. चार वर्षं आणि डॉक्टरेट, सगळं राजकुंवरने भरलं. परत मागायला मात्र ती कधी आली नाही.