ओट्यावर लिहिलेलं

सुनयनाने तोच शब्द पुन्हा टाकला आणि 'शोधा'वर बोट दाबलं.

शोध: गोटीराम

एकेचाळीस सेकंद. पडदा पांढरा. उत्तर नाही.

"सहाला मी जुनं उडवतोय," राजवर्धन मागून म्हणाला. 'ओटा' हा मराठी चर्चामंच त्याचा. महापेच्या या खोलीत ती दोघंच तो चालवत. "२०२०च्या आधीचं सगळं. शोध चालत नाही म्हणून लोक शिव्या घालतायत."

"सहापर्यंत वेळ आहे ना?"

"तुझं काय अडकलंय त्यात?"

तिने खुर्ची पुढे ओढली.

अडकलेलं असं. गोटीराम तिचा मोठा भाऊ. स्वतःच्या साखरपुड्यात, पाहुण्यांसमोर, ती त्याला हळूच म्हणाली होती, दादा, तू बोलू नकोस. तो लग्नाला आला नाही. मग घरीच आला नाही. सहा वर्षं.

आणि परवा, पावणे गावातल्या घरी, भांडी घासता घासता आई:

"त्याचा एकदाच फोन आलेला. बोलला, सुनीच्या ओट्यावर लिवलाय, ती वाचील. मी सयपाकाचा ओटा पुसून पुसून बगला. काय पन नाय."

"आई, हे आत्ता सांगतेस?"

"लिवलेला नव्हताच, तं काय सांगू?"

शोध रखडायचा, कारण यंत्र दर वेळी एक कोटी नोंदी पहिल्यापासून वाचत बसे. सकाळपासून ती त्याच्याकडून शब्दसूची बांधून घेत होती; पुस्तकाच्या शेवटी असते तशी, कुठला शब्द कुठे आहे ते सांगणारी. सूची फुगू नये म्हणून सगळीकडे येणारे दोनशे शब्द तिने स्वतः वगळले होते. मी. का. आहे. नाही. कोणी.

ब्याण्णव टक्के. ब्याण्णव. ब्याण्णव. तिने नखाने टेबलाचा सनमायका उचकटला.

शंभर.

शोध: गोटीराम
सापडले: ०
वेळ: ०.०३ सेकंद

"पळतंय की," राजवर्धन वाकून म्हणाला. "राहू दे मग जुनं. झालं तुझं काम."

झालं नव्हतं. आता 'नाही' लवकर कळत होतं, एवढंच.

शोध: पावणे
सापडले: ४८,२१६

पावणे सात. पावणे दोन लिटर. पावणे आठची गाडी. गाव कुठेच नाही. वडिलांचं नाव, शून्य. त्यांच्या कुत्र्याचं नाव, शून्य.

फोन थरथरला. आई.

"गावला का गं?"

"बघतेय."

"कवाची बगतेस."

फोन ठेवला. बोटं कळफलकावर तशीच राहिली. गोटीराम घरी आला की दारातूनच हाक द्यायचा. सगळे समोर बसलेले असले तरी. तिने ती हाक टाईप केली.

शोध: कोणी आहे का
सापडले: ०

तिन्ही शब्द तिनेच वगळलेले. ती शून्याकडे बघत राहिली, मग वरच्या ओळीकडे. किती नीट लिहिलं होतं तिने. शाळेतल्या मैत्रिणी यायच्या असल्या की ती त्याच्याकडून घोकून घ्यायची, दादा, असं म्हण, 'कोणी आहे का'. तो मान डोलवायचा. आणि दारात येऊन...

तिने ओळ पुसली.

शोध: कोन हाय का
सापडले: ३

पहिल्या दोन नोंदी कुणीतरी थट्टेत लिहिलेल्या. तिसरी ऑक्टोबर २०१९ची. लिहिणाऱ्याने नाव घेतलं होतं 'पावना'.

*कोन हाय का. सुने, द्रोणागिरीला गोदामान काम भेटलाय. वाचलास त ये.*

प्रतिसाद: ०

"सापडलं का काही?" राजवर्धनने विचारलं. तो बॅग भरत होता.

"द्रोणागिरीला इथून कसं जायचं?"

"आत्ता? तिकडे बंदराजवळ कोण आहे तुझं?"

तिने नोंदीखालची रिकामी चौकट उघडली. 'दादा' लिहिलं. स्वल्पविराम दिला. माफीचं एक लांब, शुद्ध वाक्य लिहिलं आणि ते अक्षर अक्षर मागे घेतलं, दादापर्यंत. मग त्याच्या हाकेचे तीनच शब्द लिहिले आणि पाठवले.

राजवर्धन दिवा बंद करायला थांबला होता. तिने तोच शोध आणखी एकदा लावला.

सापडले: ४