बॉलला लावलेला पट्टा

धवलची जीप यमुनेच्या खादरात, नदीकाठच्या गाळाच्या रानात, पोटापर्यंत रुतली, तेव्हा सकाळ होऊन बराच वेळ झाला होता. दिसत मात्र काही नव्हतं. नोएडाच्या बाजूला डिसेंबरात धुकं उतरतं आणि शहराचा सगळा धूर त्यात येऊन मिसळतो. पुढं उभ्या असलेल्या नीरजच्या जीपचे लाल दिवे मध्येच दिसायचे, मध्येच विझल्यासारखे व्हायचे.

धवल स्टिअरिंगवर बसून राहिला. त्याची मोठी बहीण कादंबरी चिखलात उतरली.

नीरज हा या मराठी जीपवाल्या टोळीचा म्होरक्या. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला, अर्धी मराठी विसरलेला. त्यानं जीपच्या मागच्या दारातून वाकून गाडी ओढायचा पट्टा खालच्या बॉलवर अडकवला, दुसरं टोक तिच्याकडे फेकलं आणि आतल्या आत पुढं सरकून हीटर लावून बसला.

"दीदी, ते टोक धवलच्या पुढच्या हुकला लाव. तो रेडी झाला की हॉर्न देईल. मला मागचं काहीच दिसत नाहीये, हॉर्न ऐकला की खेचतो."

बॉल म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा. फोटोत छान चमकतो. रुतलेली गाडी उपटायला तो केलेलाच नाही. पट्टा रबरासारखा ताणला जातो, बॉलची मान तुटते, आणि गोळा थेट मागच्या गाडीच्या काचेत शिरतो. काचेमागं माणूस बसलेला असतो.

मागच्या हिवाळ्यात तिथं अंबादास बसला होता. लातूरकडचा, यूपीएससीची तयारी करणारा, कधी नव्हे ते अभ्यास सोडून मजा करायला आलेला. ओढणारा नीरजच होता. टोळीनं ग्रुपवर टाकलं, दुर्दैवी अपघात, भावपूर्ण श्रद्धांजली. दुर्दैव कसलं डोंबलाचं. नीरजच्या जीपखाली थेट चासीला कसलेला जाड हुक आहे. फक्त त्याला पट्टा लावायला चिखलात गुडघे टेकावे लागतात. यांच्या पँटी खराब होतात म्हणून पोरगा गेला, आणि हे नवा बॉल बसवून मोकळे झाले.

कादंबरीनं नीरजच्या जीपमागं गुडघे टेकले. पट्टा बॉलवरून काढला, चासीच्या हुकात घातला आणि पट्टा धरून धवलकडे आली. इकडचं टोक त्याच्या हुकला कसलं.

"मी सांगितल्याशिवाय हॉर्न द्यायचा नाही."

"ताई, थंडीनं मरतोय यार."

"मर. पण हॉर्न देऊ नकोस."

एकदा खात्री करावी म्हणून ती परत पुढं गेली. पट्टा बॉलवर होता.

तिनं नीरजच्या काचेवर हात आपटला. "बदललास कशाला?"

"क्या बदला? मी उतरलोच नाहीये."

त्यानं पाय वर करून दाखवला. पांढरे बूट, डाग नाही. जीपमागं चिखलात एकाच माणसाच्या पावलांचे ठसे होते आणि ते कादंबरीच्या गमबुटांचे होते.

"तुला भास होतोय, दीदी. आणि बॉललाच राहू दे ना, सगळे लावतात."

"अंबादासला पण लावला होता."

नीरजनं काच वर घेतली.

तिनं पट्टा पुन्हा काढला, हुकात घातला, वर खीळ ठोकून बसवली. परतताना पट्ट्यावरचा हात सुटू दिला नाही. अर्ध्या वाटेत पट्टा हातातच सैल पडला. मग हळूच वर उचलला गेला, कुणीतरी फास सोडवून उंच जागी ठेवावा तसा. आवाज काही आला नाही.

ती धावली. धवलचं दार उघडलं, कॉलर धरली आणि त्याला चिखलात ओढलं.

"अगं, काय करतेस? माझा मोबाईल आत आहे."

"चल म्हणते ना."

ती त्याला बाजूला, पट्ट्याच्या रेषेपासून लांब सरकंड्याच्या उंच गवतात घेऊन गेली. धवल शिव्या देत तिच्या शेजारी उभा राहिला. त्याचे दोन्ही हात तिच्या मुठीत होते.

धवलच्या रिकाम्या जीपचा हॉर्न वाजला.

पुढं नीरजनं ॲक्सिलरेटर दाबला, पट्टा ताणला जाऊन कण्हला, मग एक फटका बसला आणि काच फुटली. धुकं पुन्हा जागच्या जागी आलं.

नीरज पांढऱ्या बुटांनी धावत आला. काचेला भोक होतं, आणि सीटच्या उशीत, धवलचं डोकं असायचं तिथं, बॉल रुतला होता. मग सरकंड्यातून धवल बाहेर आला.

"हॉर्न कुणी दिला?" नीरजनं विचारलं. "धवल, तू दिलास ना? बोल ना यार."

धवलनं नकारार्थी मान हलवली.

"पट्टा उचल," कादंबरी म्हणाली. "तुझ्या हुकला आता तू लाव. मी बघतेय."

"दीदी, आपण क्रेन बोलावू."

"अंबादाससाठी बोलावली होती?"

नीरजनं गुडघे टेकले. हुकात भरलेला चिखल बोटांनी खरवडताना तो रडत होता. तिनं त्याला रडू दिलं. पट्टा हुकात बसेपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि या वेळी तो बसलेलाच राहिला.

आता कुणीतरी स्टिअरिंग धरायला हवं होतं. धवल जीपच्या जवळही यायला तयार नव्हता. ती काचा झटकून चढली. फुटक्या काचेतून धुकं आत आलं होतं, डॅशबोर्ड ओला होता, स्टिअरिंग बर्फासारखं. ती बसली. सीट ऊबदार होती, अगदी आत्ता कुणीतरी बसलेलं असावं इतकी.

ती उठली नाही.

"सरक जरा," ती म्हणाली.

"कुणाला म्हणतेस, ताई?" धवलनं लांबून विचारलं.

तिनं गाडी गिअरमधून काढली आणि हॉर्न दाबला.