साक्षीकडे राहिलेली वही

मी एक जुनी दोनशेपानी वही आहे, मित्रांनो, आणि पाच वर्षं मला कुणी उघडलं नव्हतं.

सायखेड्याच्या शाळेत धम्मपाल सर इंग्रजी शिकवायचे. ‘गिव्ह अप’, ‘रन आउट ऑफ’ अशी जोडीची क्रियापदं लिहिताना मुलं हमखास चुकायची. म्हणून सरांनी माझ्या प्रत्येक पानावर एकेक लिहिलं आणि खाली जागा मोकळी सोडली. मला घरी न्यायचं तर नियम एकच होता. कुठल्याही एका पानावर आपल्या घरातलं वाक्य लिहायचं, मगच वही परत करायची. चुकीभोवती सर लाल गोल काढत. निकितानं डब्यातलं पीठ संपल्याचं लिहिलं, गोरक्षनं चांदोरीजवळ बंद पडलेल्या एसटीचं. लाल गोलांनी मी नुसती नटले होते!

नोकरीच्या परीक्षेसाठी सरांच्या जुन्या विद्यार्थिनीनं, साक्षीनं मला नाशिकला नेलं. माझं पान न् पान तिनं पाठ केलं आणि तिला नोकरी लागली. पण ‘लुक फॉरवर्ड टू’चं, म्हणजे आतुरतेनं वाट पाहण्याचं पान तिनं कोरंच ठेवलं. आता आपण ऑफिसची पत्रं लिहितो, सरांपुढे चुकलो तर काय, असं तिला वाटायचं. खरं तर ती पत्रं मोबाइलच सुधारून देत होता. मी कपाटात साड्यांखाली पडून राहिले. मला त्या लाल पेनाची फार आठवण यायची.

सरांचा फोन यायचा. “साक्षे, वही हाय ना? डोळे लय दगा द्यायला लागलेत. दिसतंय तवर आण.”

“येत्या रविवारी नक्की आणते, सर.”

असे कितीतरी रविवार गेले.

मग सरांच्या मुलीनं, सवितानं कळवलं, की सरांना आता काहीच दिसत नाही. त्याच दुपारी साक्षीनं मला बाहेर काढलं, मोबाइल लांब ठेवला आणि रडत रडत एका दमात वाक्य लिहिलं.

सायखेड्यात सरांनी मला मांडीवर घेऊन पानांवरून हात फिरवला. साक्षीनं सगळ्यांची वाक्यं वाचून दाखवली. शेवटी तिनं स्वतःचं इंग्रजी वाक्य वाचलं. सरांच्या भेटीची मी आतुरतेनं वाट पाहते आहे, असं त्यात होतं.

“थांब, पोरी. त्यातला ‘टू’ कुठं गेला? पेन दे.”

साक्षीनं त्यांच्या हातात लाल पेन दिलं. सरांनी गोल काढला. तो वाक्याच्या दोन बोटं खाली, कोऱ्या जागेत पडला.

“बरोबर पडला का गं?”

“अगदी बरोबर, सर.”

मित्रांनो, कुणाची वही तुमच्याकडे राहिली असेल, तर चुकांसकट परत करा. ती पाहणारे डोळे शाबूत आहेत तोवर करा.