उघडता न येणारी मशीन

मी एक वॉशिंग मशीन बोलतेय. मान खाली घालून बोलतेय, एवढं समजून घ्या.

नाशिकच्या दुकानात मी पहिल्याच रांगेत होते. काचेचं झाकण, निळे दिवे. सातपूरच्या एका कारखान्यात काम करणारा हर्षल आईला, चांगुणाबाईंना, घेऊन आला. त्यांचं मनगट मोडलं होतं. आता कपडे पिळायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

चांगुणाबाई मूळच्या देवळ्याच्या. त्यांनी दुकानदाराला विचारलं, “बिघडली तर हिचा पार्ट भेटतो का? जरा उघडून दावता का?”

“आई, लोक बघतायत,” हर्षल कुजबुजला. त्या मागे सरकल्या आणि हर्षलने माझे पैसे भरले. मला मात्र हायसं वाटलं. माझ्या पोटातला गिअर प्लास्टिकचा होता.

चौदाव्या महिन्यात तो तुटला. मिस्त्री सरफराजने मला उलटं करून पाहिलं. “हर्षलभाऊ, हिचा तळ बनवतानाच चिकटवून टाकलाय. उघडायला गेलो तर फुटेल. आणि पार्ट तर आता येतच नाही.”

“आई, तू कपड्यांना हात लावू नकोस. सुट्टीच्या दिवशी मी धुतो,” हर्षल म्हणाला. पण सुट्टीला ओव्हरटाइम निघायचा आणि कपडे साचत जायचे.

एके दिवशी शिफ्ट लवकर सुटली. तो घरी आला, तर चांगुणाबाई मोरीत त्याचा ऑइलने माखलेला युनिफॉर्म पिळत होत्या. एक टोक दातांत, दुसरं चांगल्या हातात. मनगट टम्म सुजलेलं. मी शेजारीच उभी होते, नुसती.

हर्षल खालीच बसला. “दुकानात तू बरोबर विचारत होतीस. मला तुझी लाज वाटली गं.”

“मला मशीनमधलं काय कळतंय?” त्या म्हणाल्या. “पन ऐन कांद्याला पाणी देताना मोटारीचा पार्ट नाय भेटला की काय होतं, ते लय येळा पाह्यलंय.”

पुढच्या खेपेला दुकानात त्याच बोलल्या. हर्षल बाजूला उभा राहून ऐकत होता. साधी, स्टीलच्या ड्रमची, पार्ट मिळणारी मशीन घरी आली. मी भंगारात आले.

इथे एक जुनाट पंखा होता. त्याची मोटार कुणीतरी हौसेने काढून नेली. माझ्याकडे पाहून लोक पुढे जातात.

मशीन घ्यायला जाल, तेव्हा जिला ती वापरायची आहे तिला बोलू द्या. आणि तिच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नसेल, तर कितीही चमकत असलो तरी आम्हाला तिथेच सोडून या.